बादलीमागचे पाय

भीमराजचा वस्तरा धरमसिंगच्या गळ्यावर होता, नेमकी तेव्हाच खालची फरशी उचलली गेली. फार नाही, बोटभर. आधी डावी बाजू वर आली, क्षणभर तशीच राहिली, मग सावकाश खाली गेली आणि उजवी वर आली. धरमसिंगनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि डोळे फिरवून आरशात पाहिलं. आरशात काहीच हललं नव्हतं. ग्लासातले कंगवे सरळ उभे होते, तुरटीचा खडा जागेवर होता, मागच्या बाकावर बाबुलाल पेपर वाचत बसला होता आणि त्याच्या मांडीवरची चहाची प्याली काठोकाठ भरलेली असूनही सांडली नव्हती. बाहेर यवतमाळच्या स्टँडवर आर्णीची गाडी लागल्याची घोषणा चालू होती. म्हणजे फरशी एकट्या धरमसिंगच्याच पायाखाली उचलली जात होती. समुद्रावरून परतून आठवडा होत आला, तरी हे थांबलं नव्हतं. देवापुढं हात जोडले की देव्हारा तिरपा व्हायचा. मोरीत आंघोळीला बसलं की मोरी प्रवासाला निघायची. डॉक्टरांनी कान पाहिले, बीपी पाहिलं आणि सांगितलं की काही नाही, शरीर अजून बोटीवरच आहे, येईल हळूहळू. शरीर मागून येणार म्हणजे ते कोणत्या गाडीनं येणार, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

"हलू नका ना काका," भीमराज म्हणाला.

"मी नाही हलून राह्यलो."

"मंग कोण हलून राह्यलं?"

भीमराजनं वस्तऱ्यावरचा साबण रुमालाला पुसला, पुन्हा गळ्याशी आणला आणि अगदी सहज, मोदी चौकातल्या गर्दीबद्दल बोलावं तसं विचारलं, "तो काकूंचा व्हिडिओ पाह्यला म्या. मस्त हाये. पण ते बादलीच्या मागचे पाय कोणाचे हाये?"

गळ्यावर वस्तरा असताना माणसाला खोटं बोलता येत नाही आणि खरंही बोलता येत नाही, कारण दोन्हीला घाटी हलवावी लागते. धरमसिंग नुसता आरशात पाहत राहिला. मागं बाबुलालचा पेपर खाली झाला होता.

व्हिडिओ राखीनं काढला होता. राखी त्याची एकुलती एक मुलगी. तिनं तो घरच्या ग्रुपवर टाकला, घरच्या ग्रुपवरून तो तांड्याच्या ग्रुपवर गेला, तिथून महागावच्या सगळ्या सोयऱ्यांकडं आणि शेवटी निवृत्त चालक-वाहकांच्या ग्रुपवर, जिथं धरमसिंग दररोज सकाळी न चुकता गुलाबाचं फूल पाठवत असे. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. हंसाबाई, त्याची बायको, छातीएवढ्या उंच लाकडी चाकामागं उभी आहे. पदर कमरेला खोचलेला. डोक्यावर भलंमोठं पांढरं शीड आणि मागं पाणी, फक्त पाणी. ती फोनकडं पाहत नाही. समोर पाहते आहे, वळण आलेल्या ड्रायव्हरसारखी. डाव्या कोपऱ्यात खाली एक निळी प्लास्टिकची बादली आणि बादलीच्या मागून आलेले दोन पाय, करडे मोजे घातलेले, तळवे आकाशाकडं. मधेच हंसाबाई एक हात सरळ वर करते, काहीतरी बोलते, आणि हात खाली घेऊन पुन्हा चाक धरते. आवाज ऐकू येत नाही. नुसती वाऱ्याची फडफड. सगळ्यांना वाटलं, तिनं फोनला टाटा केला. तिनं हात का वर केला, हे त्या जहाजावरच्या लोकांखेरीज फक्त धरमसिंगला माहीत होतं.

आणि ते पाय धरमसिंगचे आहेत, असा संशय घ्यायला तालुक्यात कोणी धजत नव्हतं. कारण धरमसिंग ओकत नाही. ही त्याची एसटीतली ओळख होती. तीस वर्षं त्यानं गाडी चालवली, दिग्रस केली, पांढरकवडा केला, रात्रीची हैदराबाद केली, पहाटे तीन वाजता धाब्यावर तेलात पोहणारी अंडाकरी खाऊन वर ताक प्याला, आणि पोटातलं पाणी हललं नाही. जे ओकतात त्यांच्याबद्दल त्याचं एक मत होतं, ते तो सगळ्यांना ऐकवायचा. ओकणं हा मनाचा खेळ आहे. मन घट्ट असलं की पोट घट्ट. खिडकीतून डोकं काढलेला माणूस त्याला आरशात दिसला की त्याला त्या माणसाची कीव यायची आणि गाडीच्या बाजूची काळजी वाटायची. पुढं कोणाचीही सोयरीक निघाली की तो आधी विचारायचा, पोरगा गाडीत बसतो ना नीट? आणि अशा माणसाच्या नशिबी हंसाबाई आली होती. हंसाबाईला डिझेलच्या वासानं मळमळायचं. स्टँडच्या फाटकातून आत गेलं की तिचा चेहरा उतरायचा. उभ्या गाडीत ओकलेली ती जिल्ह्यातली एकटीच बाई असेल. मग ती फटफटीवर जाईल तिथपर्यंतच जायची. महागावजवळचं तिचं माहेर फटफटीच्या टप्प्यात होतं म्हणून तिला माहेर तरी उरलं. बाकी सगळ्या जिल्ह्याला धरमसिंगनं इकडून तिकडं पोचवलं, लग्नांना, बाजाराला, बाळंतपणाला, कोर्टाच्या तारखांना, आणि संध्याकाळी घरी यायचा तेव्हा घरात एक बाई दारात बसलेली असायची, जी कुठंच गेलेली नसायची. त्यात काही वावगं आहे, असं त्याला कधी वाटलं नाही. उलट बरं वाटायचं. सगळंच हलतं, एक तरी जागेवर आहे.

राखी मात्र आईवर गेली नाही. तिनं नागपूरला हॉटेलचा कोर्स केला, गोव्यात एका मोठ्या हॉटेलात काउंटरवर उभी राहिली. पगार चांगला, युनिफॉर्म चांगला. धरमसिंगनं तिचा कोट घातलेला फोटो मोठा करून भिंतीवर लावला. मग एका दिवशी तिचा फोन आला की नोकरी सोडली. हॉटेलाच्या मागं नदीच्या काठावर एक म्हातारा कॅप्टन जुनं जहाज दुरुस्त करत होता, ती सुटीच्या दिवशी तिथं जाऊन लाकूड घासू लागली, आणि आता जहाज पाण्यात उतरलं आहे आणि ती त्याच्यावरच कामाला आहे.

"काय काम?" त्यानं विचारलं.

"शिडाचं, बा."

"शिडी चढायले नोकरी सोडली तुनं?"

"शिडी नाही बा. शीड."

"चढते का नाही पण?"

"चढतो," राखी म्हणाली. "चढाव तं लागतेच."

त्यानंतर वर्षभर तो तिच्याशी फक्त पावसापाण्याचं बोलला. हंसाबाई रोज बोलायची, आपल्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, तास तास, आणि तो शेजारच्या खोलीत बसून टीव्हीचा आवाज कमी करायचा. म्हणून दिवाळीनंतर राखीनं दोघांना दोन दिवसांच्या सफरीला बोलावलं तेव्हा त्यानं लगेच हो म्हटलं. त्याच्या मनात सगळं ठरलं होतं. जहाज पाहायचं, दोन वाक्यं चांगली बोलायची, आणि मग पोरीला बाजूला घेऊन सांगायचं की झालं तेवढं पुरे, चाल घरी. सांगायचं कसं, तेही त्यानं घोकून ठेवलं होतं. वर्ध्यापर्यंत बसमध्ये हंसाबाई पिशवीत तोंड घालून होती, तेव्हा तो ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसून तीच वाक्यं मनात फिरवत होता. रेल्वेत ती जरा सुधारली. तरी मडगावला उतरताना तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं, आणि तो तिला म्हणाला, "तू काठावरच बस. बसमध्ये हे हाल, पाण्यात तं मरशीनच." ती म्हणाली, "पाहू."

जहाजाचं नाव डोना रोझा. धरमसिंगनं ते पाटीवर वाचलं आणि त्याला वाटलं, दोना? पानाचा दोना? एवढ्या मोठ्या समुद्रात एवढा म्हणजे दोनाच. दोन डोलकाठ्या, लांबलचक निमुळतं अंग, सगळं लाकडाचं. शंभराच्या वर वय. कॅप्टन गोव्याचाच, पांढऱ्या दाढीचा, बारीक अंगाचा माणूस. तो हिंदीत सांगत होता की या जातीच्या जहाजाला स्कूनर म्हणतात, हे किनाऱ्यानं कौलं आणि मीठ वाहायचं, मग ट्रक आले आणि ते खाडीच्या चिखलात पडून राहिलं, आत खेकडे राहत आणि मधोमध वडाचं झाड उगवलं होतं. ते झाड काढायला दोन महिने गेले. ट्रक आले, हे ऐकून धरमसिंगला थोडं बरं वाटलं. हंसाबाईनं मधेच विचारलं, "क्या ढोता था बोले? नमक?" कॅप्टन हो म्हणाला. "तो ये अपनाच धंदा है," ती म्हणाली. "हमारे बापदादा नमकच ढोते थे. बैल पे." आणि तिनं जहाजाच्या कठड्यावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. त्या सफरीवर पुण्याचं एक जोडपं होतं आणि बंगलोरची चार पोरं. त्या सगळ्यांनी कॅप्टनपेक्षा हंसाबाईकडं जास्त आदरानं पाहिलं. धरमसिंगला वाटलं, हिला काय माहीत बैलांचं. पण ते खरं होतं, त्याचाच आजा मिठाच्या गोष्टी सांगायचा, तो विसरून गेला होता आणि ही विसरली नव्हती.

मग शीड चढवायची वेळ आली. दोर सगळ्यांनी मिळून ओढायचा. बंगलोरच्या पोरांनी हात सोलून घेतले. हंसाबाईनं पदर खोचला, पाय रोवले आणि विहिरीतून पाणी काढावं तसा हातावर हात टाकत दोर ओढला, वर तोंडानं लग्नातलं कसलंसं गाणं, ठेक्यावर. राखी वर डोलकाठीच्या आडव्या वाशावर पोट टेकून काहीतरी सोडवत होती, अनवाणी, केस बांधलेले. धरमसिंगनं मान वर करून पाहिलं आणि लगेच खाली केली. घोकलेलं पहिलं वाक्य विसरलं. शीड भरलं, इंजिन बंद झालं, आणि एकदम शांत झालं. इंजिन बंद आणि गाडी चालू, असं त्यानं आयुष्यात फक्त घाटाच्या उतारावर इंजिन बंद पडल्यावर ऐकलं होतं.

"राखीचे पप्पा ड्रायव्हर हैं ना?" कॅप्टन म्हणाला. "आइए साहब. आप चलाइए."

धरमसिंग चाकामागं उभा राहिला तेव्हा त्याला घर सोडल्यापासून पहिल्यांदा आपण कोण आहोत ते आठवलं. सगळे पाहत होते. त्यानं शर्टाची बाही वर केली. कॅप्टननं दूरचा एक डोंगर दाखवला, नाक त्याच्यावर धरा म्हणाला. नाक जरा उजवीकडं होतं. धरमसिंगनं चाक थोडं डावीकडं घेतलं. काहीच झालं नाही. त्यानं अजून घेतलं. काहीच नाही. स्टेअरिंग फ्री झालंय, असं त्याच्या हातांना वाटलं, आणि त्यानं चाक चांगलंच फिरवलं. मग जहाजाला ते सगळं एकदम कळलं. नाक डोंगरावर आलं, डोंगर ओलांडून पलीकडं गेलं, जातच राहिलं. धरमसिंगनं उलटं फिरवलं. जहाज त्याचं आधीचंच ऐकत होतं. त्याचा उजवा पाय आपोआप पुढं गेला आणि फळीवर दाबून धरला गेला. फळीच ती. त्यानं अजून दाबली. वर शिडं सैल पडून फटाफट आपटू लागली, मोठा आडवा वासा माणसांच्या डोक्यावरून इकडून तिकडं गेला, सगळे वाकले, आणि डोना रोझा वाऱ्याकडं तोंड करून जागच्या जागी उभी राहून हिंदकळू लागली.

"ब्रेक नहीं है साहब," कॅप्टन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. खरोखर माहिती म्हणून सांगितलं.

चाक हातातून सुटलं आणि पुढच्याच लाटेला धरमसिंगच्या पोटातलं सगळं वर सरकलं. त्याला आधी कळलंच नाही की हे काय आहे. वाटलं, हार्ट अटॅक. आठवणीत अशी काही जागाच नव्हती. त्यानं राखीला हाक मारली. घोकलेलं बोलायचं होतं म्हणून की वाचव म्हणून, ते त्याला आजही सांगता येणार नाही. राखी वरून दोराला धरून सरसर खाली आली आणि येताना बादली घेऊन आली. "यात, बा," ती म्हणाली. "दूर पाहा. खाली नका पाहू." बापाला तिनं ज्या सफाईनं कठड्याशी टेकवलं, पायाखाली दोराची वळकटी दिली, शर्टाचं वरचं बटण सोडलं, ती सफाई पाहून त्याला कळलं की पोरगी कामात पक्की आहे. ते बोलून दाखवायला तोंड मोकळं नव्हतं. जी पोरगी आपल्यासमोर बादली धरून उभी आहे तिला चाल घरी म्हणता येत नाही. तिनंच म्हटलं असतं तर तो गेला असता.

नंतर तो आडवाच झाला. गाल फळीवर. फळीला तेलाचा वास येत होता आणि त्याखाली एक ओळखीचा वास. नवीन बसवलेल्या फळ्या सागवानाच्या आहेत, तुमच्याच बाजूचं लाकूड, कॅप्टननं आधी सांगितलं होतं. म्हणजे हे झाड कदाचित पांढरकवड्याच्या पुढं रस्त्याच्या कडेला उभं असेल आणि आपण त्याच्या बाजूनं हजारदा गेलो असू. तेव्हा ते उभं होतं आणि आपण पळत होतो. आता ते पळतं आहे आणि आपण त्याला धरून पडलो आहोत. या विचारात काहीतरी खोल आहे असं त्याला वाटलं, पण तेवढ्यात पुन्हा लाट आली आणि विचार बादलीत गेला.

आणि हंसाबाईला काही होत नव्हतं. तो पहिल्यापासून वाट पाहत होता. आता ही पडेल, आता पडेल, मग दोघांचं सारखं होईल. ती भजी खात होती. कॅप्टननं तिच्या हातात चाक दिलं होतं आणि जहाज डोंगराकडं नाक करून सुतासारखं चाललं होतं. पुण्याच्या बाईनं विचारलं, तुम्हाला कसं जमतं हो? हंसाबाई म्हणाली, "काही नाही बाई. हे लगेच ऐकत नाही. एकदा सांगाव आन् वाट पाहाव. मले सवय हाये." सगळे हसले. मग तिला रंग चढला. तिनं एक गोष्ट सांगायला घेतली, अर्धी मराठीत, अर्धी आपल्या हिंदीत. नवीन लग्न झालं होतं. नवरा ड्रायव्हर. त्याला गाडी चालवताना पाहायचं म्हणून ती कोणाला न सांगता तांड्याच्या फाट्यावर त्याच्याच गाडीत चढली, हिरवं लुगडं नेसून, आणि त्याच्या बरोबर मागच्या सीटवर बसली. त्यानं आरशात पाहिलं आणि खूश झाला. "मंग काय, हार्नवर हार्न. झाड आलं, हार्न. बकरी आली, हार्न. काहीच नाही आलं तरी हार्न. आन् वळणं अशी घेत होते का मी या खिडकीतून त्या खिडकीत." आर्णीच्या अलीकडं ती ओकली. सगळ्या गाडीत. कंडक्टर आला आणि ओरडला, कोणाची बाई हाये ही, सोबत कोण हाये? हंसाबाई थांबली, चाक जरा सरळ केलं. "मैंने आइने में देखा. इनोने भी देखा. और फिर इनोने रस्ता देखा." ती इतकी हसायला लागली की तिला पुढचं सांगता येईना. "मंग मीच म्हटलं, कोणी नाही भाऊ, एकटीच हावो."

सगळे हसले. कॅप्टन डोळे पुसत होता. धरमसिंग बादलीमागं पडून ऐकत होता. तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. लुगडं हिरवं होतं, तेसुद्धा. आर्णीच्या स्टँडवर तिनं माती आणून स्वतः गाडी पुसली होती आणि तो उतरून चहा प्यायला गेला होता. ती कधी बोलली नाही, म्हणून त्यानं धरून चाललं होतं की तिनं आरशात पाहिलंच नसेल. इतकी वर्षं त्यानं ती गोष्ट जपून, झाकून, कोणाला न दाखवता ठेवली होती, आणि तिच्याकडं ती हसायची गोष्ट म्हणून होती. त्याला राग आला. आपल्या लाजेची किंमत इतकी कमी असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. तेवढ्यात बंगलोरचा एक पोरगा त्याच्या पायाला अडखळला आणि घाबरून म्हणाला, "अरे, ये अंकल किसके साथ हैं? ठीक हैं ना?" राखी फोन धरून उभी होती. वारा वाढला होता. हंसाबाईनं डोंगरावरची नजर काढली नाही. तिनं शाळेत हजेरी द्यावी तसा हात सरळ वर केला आणि मोठ्यानं म्हणाली, "मेरे हैं. माह्या घरचे हाये ते."

"काका?" भीमराज म्हणाला. वस्तरा दूर होता. तो दुसऱ्या गालाला साबण लावत होता. "झोपले का?"

"माहे हाये ते पाय," धरमसिंग म्हणाला.

भीमराजचा ब्रश थांबला. बाकावरून बाबुलाल म्हणाला, "मले तं पहिल्याच दिवशी समजलं होतं." बाबुलाल त्याचा कंडक्टर, वीस वर्षं एकाच गाडीवर. "डावा अंगठा बाहेर निघते त्याचा. क्लचवर पाह्यला ना म्या जनमभर. पण ग्रुपवर कायले टाकाव, म्हटलं. ड्रायव्हर हाये आपला."

धरमसिंगनं आरशातच बाबुलालकडं पाहिलं. सवयच ती. आणि फरशी पुन्हा सावकाश वर आली, तशी त्याच्या तोंडातून गोष्टही वर आली. "बाबुलाल, तुले आठवते का, नव्यानव्यानं, आर्णीच्या अलीकडं एक बाई ओकली होती गाडीत. तू विचारलं, कोणाची बाई हाये."

"कोणती?"

"हिरव्या लुगड्याची."

बाबुलालनं पेपरची घडी घातली. त्यानं खरंच आठवायचा प्रयत्न केला. "बापू, हिरव्या लुगड्याच्या लय ओकल्या. पिवळ्याच्या ओकल्या. एक तं पोलीस ओकला होता ड्रेसवर. मी सगळ्यायलेच विचारो, कोणाची बाई हाये म्हणून. ते विचाराच लागते. काहून, काय झालं तिचं?"

"माही होती ते."

"वैनी होत्या?" बाबुलाल म्हणाला. मग थोड्या वेळानं, "मंग सांगाचं नाही का तवाच. म्या लिंबू देल्लं असतं." आणि त्यानं उरलेला चहा पिऊन टाकला. धरमसिंग वाट पाहत होता की आता काहीतरी होईल. भीमराजनं दुसऱ्या गालावर वस्तरा फिरवायला सुरुवात केली.

घरी आला तेव्हा हंसाबाई फोनवर होती. फोन ठेवून तिनं सांगितलं की जानेवारीत कॅप्टन जहाज घेऊन खाली कोचीनपर्यंत चालला आहे. स्वयंपाकाची बाई सोडून गेली. राखी म्हणते, याडी, तू ये, आईला ती याडीच म्हणायची. कॅप्टनही म्हणतो, या, चाकावर पण माणूस लागते. तिनं हे तुरीच्या शेंगा सोलत सोलत सांगितलं. मग म्हणाली, "तुमचा डबा मी शेजारी लावून देतो. महिनाभराचाच तं प्रश्न हाये."

"तू जाशीन?"

"जातो म्हटलं तिले."

"वर्ध्यापर्यंत बस हाये. ओकशीन."

"हाव. वर्ध्यापर्यंत ओकीन. पुढं तं समुद्रच हाये."

धरमसिंग पायरीवर बसला. समोरच्या गल्लीत सायकली, स्कूटर, भाजीचा गाडा, सगळं कुठंतरी चाललं होतं. महिनाभर संध्याकाळी या दारात कोण बसणार, याचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्या चित्रात तोच होता, डब्याची वाट पाहत. एवढी वर्षं इथं बसायला कसं वाटलं असेल, हे त्याला विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं.

"मी येतो," तो म्हणाला.

"कुठं?"

"कोचीनले."

हंसाबाईनं शेंग अर्धी सोलून ठेवली. "राखीर बा," ती म्हणाली. ती त्याला अशीच हाक मारायची, राखीचे बाबा म्हणून. "दोन दिवसांत बादली सोडली नाही तुम्ही. महिनाभर काय कराल?"

"ओकीन."

"रोज?"

"रोज. त्याले काय होते. बादली धुवून ठेवीन." मग त्याला वाटलं, हे जरा जास्तच गयावया झालं. म्हणून तो म्हणाला, "पोरगी चांगलं काम करून राह्यली. पाहाले पायजे कोणी."

हंसाबाईला डब्याचं सांगायला शेजारी जायचं होतं, ती गेली नाही.

जानेवारीत ते निघाले. गाडी लागली होती, ड्रायव्हर ओळखीचा पोरगा, संघदीप. त्यानं केबिनचं दार उघडून धरलं. "या काका, समोर या." धरमसिंगचा एक पाय केबिनच्या पायरीवर गेलासुद्धा. मग त्यानं तो काढला आणि मागच्या दारानं चढला. हंसाबाई मधल्या सीटवर खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत लिंबू, सुंठ, ओला रुमाल, सगळी तयारी. तो तिच्या बाजूला बसला. प्रवासी म्हणून गाडीच्या मध्यात बसायची त्याची ही पहिलीच वेळ. इथून रस्ता दिसत नव्हता. समोर सीटची पाठ आणि एका बाईच्या केसांतला गजरा. गाडी निघाली. संघदीपनं गिअर टाकला तो त्याला आवाजावरून कळला, पण वळण कधी येणार ते कळेना. वळण एकदम यायचं, पोटातूनच. कळंबच्या अलीकडं त्याच्या तोंडात मळमळीचं पाणी आलं. हंसाबाई डोळे मिटून होती, रुमाल नाकाला, चेहरा उतरलेला. तिनं डोळे न उघडता पिशवीतून लिंबू काढलं, नखानं टोचलं आणि त्याच्या हातात दिलं. मग खिडकीकडून उठली आणि त्याला खिडकीशी सरकवलं.

"तुले?" तो म्हणाला.

"मले सवय हाये. दूरचं झाड पाहा."

तो दूरचं झाड पाहू लागला. झाड जवळ आलं आणि गेलं. दुसरं पाहिलं. या रस्त्यावरचा एकेक मैलाचा दगड त्यानं डोळे मिटून सांगितला असता. त्यानं लिंबू नाकाशी धरलं आणि विचारलं, "अजून किती हाये?"

"लय हाये," हंसाबाई म्हणाली. "आता तं निघालो."